खंडूचे मागचे पाय आणि आम्ही विकत घेतलेले उपचार

लेझर, अॅक्युपंक्चर आणि फिजिओथेरपी या तिन्ही गोष्टी एकाच ठिकाणी देणारे एक पशुचिकित्सालय लीड्समधील आमच्या घरापासून गाडीने तासाभराच्या अंतरावर आहे, आणि तेथे आम्ही खंडूला सलग सहा आठवडे नेले. खंडू हा सव्वादोन वर्षांचा, ४८० ग्रॅम वजनाचा नर उंदीर आहे. पाळीव उंदीर साधारण दोन ते तीन वर्षे जगतो, म्हणजे तो आमच्या घरातला आजोबाच झाला. इंग्लंडमध्ये उंदीर पाळण्याची जुनी परंपरा असल्यामुळे त्यांच्यासाठी असे उपचार मिळतात, पण ते घ्यावेत की नाही, याबद्दल मराठीत काही वाचायला मिळाले नाही, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

सुरुवात झाली ती पिंजऱ्यात टांगलेल्या त्याच्या झोपायच्या झोळीतून. खंडूला झोळीत चढताना डावा पाय वर घेता येईना, आणि काही दिवसांनी तो चालताना पायाची बोटे मागे ओढू लागला. उंदरांच्या आजारांची जाण असलेल्या पशुवैद्यांनी आधी तळव्यांवरचे व्रण, कानातील संसर्ग, पाठीला झालेली इजा आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीची गाठ या शक्यता तपासल्या. गाठ असेल तर बहुधा पुढचे पायही बिघडतात आणि खाणे हातात धरता येत नाही. खंडू मात्र वाटाणा दोन्ही हातांत धरून व्यवस्थित सोलत होता. कमरेपासून निघणाऱ्या मज्जातंतूंच्या मुळांची वयोमानाने झीज झाली असावी, असे निदान निघाले. म्हाताऱ्या नरांमध्ये हा विकार नेहमी आढळतो, तो सहसा दुखत नाही, हळूहळू वाढत जातो आणि त्याच्यावर बरे करणारे औषध नाही. सांधेही थोडे आखडलेले वाटल्यामुळे त्यांनी मेलॉक्सिकॅम हे दुखणे व सूज कमी करणारे औषध सुरू केले आणि फिजिओथेरपीसाठी चिठ्ठी दिली. ब्रिटनमध्ये १९६६ च्या पशुवैद्यक कायद्यानुसार प्राण्याला सुया टोचण्याचे काम केवळ नोंदणीकृत पशुवैद्यच करू शकतो आणि फिजिओथेरपिस्टलाही पशुवैद्याच्या सांगण्यावरूनच उपचार करता येतात, हे आम्हाला तेव्हा कळले, आणि या बंधनाबद्दल आता मला आदरच वाटतो.

उपचार कितपत लागू पडतात हे पाहण्यासाठी आम्ही घरी एक साधी युक्ती केली. खंडूच्या मागच्या तळव्यांना बिटाचा रस लावून त्याला कागदाच्या लांब पट्टीवरून खाऊच्या दिशेने चालवायचे आणि ते ठसे तारखेसह जपून ठेवायचे. बोटे ओढली गेली की ठशामागे लाल रेघ उमटते. माणसाच्या डोळ्याला बरे वाटावे अशी इच्छा असली की बरे दिसूही लागते, कागदाला मात्र तशी इच्छा नसते.

लेझरच्या आठ बैठका झाल्या: पहिले दोन आठवडे दोन-दोन, पुढे आठवड्याला एक, आणि प्रत्येकीचे शुल्क तीस पौंड. १९६७ साली बुडापेस्टमध्ये एंद्रे मेस्टर यांना लेझर दिलेल्या भादरलेल्या उंदरांचे केस लवकर उगवलेले दिसले आणि तेथून ही पद्धत पुढे आली. म्हणजे या उपचाराचे पहिले रुग्ण खंडूच्या भाऊबंदांतलेच म्हणायचे. बैठक जेमतेम चार मिनिटांची असते, भूल द्यावी लागत नाही, आणि चमच्यावरचे लहान मुलांचे खाणे चाटता चाटता खंडूचे ते काम उरकूनही जात असे. तक्रार एकच. उपकरण कुत्र्यामांजरांच्या मापाचे होते आणि त्याचे टोक खंडूच्या अर्ध्या पाठीवर पसरत असे. त्यातच त्याच्या पाठीच्या मधोमध, नेमका मणक्यावर, काळा पट्टा आहे आणि गडद केस प्रकाश अधिक शोषून तापतात. तिसऱ्या बैठकीत तो दचकून वळला, तेव्हा हे लक्षात आले आणि पुढे टोक सतत हलते ठेवले गेले. हे पहिल्याच दिवशी सुचायला हवे होते. पहिल्या आठवड्यानंतरच्या ठशांत रेघ थोडी आखूड झाली होती खरी, पण मेलॉक्सिकॅमही त्याच आठवड्यात सुरू झाले होते. तिसऱ्या आठवड्यात ती रेघ होती तेवढी झाली, आणि सहाव्या आठवड्यात उजव्या पायामागेही दिसू लागली.

अॅक्युपंक्चरच्या दोनच बैठका झाल्या. सुया केसासारख्या बारीक होत्या आणि टोचणाऱ्या पशुवैद्यांचा हातही हलका होता, पण उंदराला मागे वळून कमरेवरची सुई दातांनी उपटता येते, ही गोष्ट त्या पद्धतीने विचारात घेतलेली दिसत नाही. दुसऱ्या बैठकीनंतर खंडूच्या नाकाभोवती आणि डोळ्यांच्या कडांना तांबडा स्राव दिसला. ते रक्त नसते, डोळ्यामागच्या ग्रंथीचा तो रंग असतो, मात्र उंदीर तणावात किंवा आजारी असल्याची ती खूण आहे. आम्ही तेथेच थांबलो.

पाण्यात चालवण्याची फिरती पट्टी (ट्रेडमिल) कुत्र्यांच्या मापाची होती, तो प्रश्न आलाच नाही. होमिओपॅथीच्या गोळ्या स्वागतकक्षात विकायला होत्या, त्या घेतल्या नाहीत. साताऱ्याहून मावशींनी फोनवर आग्रहाने महानारायण तेल सुचवले, आणि त्यांच्या गुडघ्यांना त्याचा गुण आलेला मी स्वतः पाहिलेला असल्यामुळे नाही म्हणणे जड गेले. परंतु उंदीर अंगाला लागलेले सारे चाटून साफ करतो, त्याला ओकता येत नाही, आणि त्याची फुप्फुसे मुळातच नाजूक असल्यामुळे उग्र वासाचे, कापूर घातलेले कोणतेही तेल त्याच्या जवळपास नसलेले बरे. मालिश कोरड्या, कोमट हातांनीच करायची.

ती मालिश शिकवणाऱ्या फिजिओथेरपिस्ट बाईंमुळेच हे परीक्षण लिहावेसे वाटले. पहिली पंधरा मिनिटे त्यांनी खंडूला हात न लावता नुसते चालताना पाहिले. मग जेवणानंतर, तो सुस्तावलेला असताना, मांडी, गुडघा आणि घोटा एकेक करून आपल्या दोन बोटांत धरून सावकाश कसे वाकवायचे, पोटाखाली मोज्याची गुंडाळी ठेवून त्याला चारही पायांवर कसे उभे करायचे आणि बोटांना हळूच चिमटा काढून पाय आपणहून आखडून घ्यायला कसे लावायचे, हे त्यांनी आमच्याकडून करवून घेतले. मागच्या पायांनी कान खाजवता येत नाहीत म्हणून कानात मळ साठतो, तेव्हा ते खाजवण्याचे काम आता तुमचे. नखे झिजत नाहीत, ती कापा. मूत्राने ओले राहून पोटाची कातडी सोलवटते, म्हणून दिवसातून दोनदा कोमट फडक्याने पुसून कोरडे करा. पिंजऱ्याचे छायाचित्र पाहून त्यांनी वरचे मजले बंद करायला, झोळी जमिनीपासून चार सेंटिमीटरवर आणायला, जाळीवर फ्लीसचे मऊ कापड अंथरायला आणि पाण्याची नळी खाली घ्यायला सांगितले. उंदीर मागच्या पायांवर बसून खातो आणि खंडू तसे बसताना कोलमडत होता, म्हणून ताटली कोपऱ्यात ठेवायची, म्हणजे त्याला दोन्ही बाजूंनी टेकू मिळतो. या एका बदलाने आठ दिवसांत त्याचे घसरलेले वजन ४५५ वरून ४७० ग्रॅमवर आले.

जागेविषयी एक नाराजी नोंदवतो. प्रतीक्षाकक्षात मांजरे आणि उंदीर शेजारी शेजारी बसवतात, आणि तपासणीच्या टेबलालाही मांजराचा वास येत असे. सोबतीला नेलेला आमचा दुसरा उंदीर बंडू एरवी धीट आहे, पण तोही तेथे खंडूच्या पोटाखाली लपून बसायचा.

लेझरला पाचपैकी दोन तारे, अॅक्युपंक्चरला एक आणि फिजिओथेरपीला पूर्ण पाच. लेझरच्या पुढच्या चार बैठका आम्ही रद्द केल्या आणि ते पैसे फ्लीस व लोकरीच्या पांघरुणांवर खर्च केले. त्या बाईंची महिन्यातून एकदाची वेळ मात्र ठेवली आहे, आणि ती सकाळची पहिली मागून घेतली आहे, म्हणजे मांजरे यायच्या आत आम्ही परत निघालेलो असतो.