गाळा की ऑनलाइन? जुन्या वस्तू विकताना कुठे काय परवडतं

जुन्या बाजारातून उचललेला माल विकायचे दोन सरळ मार्ग: अँटिक मॉलमध्ये (अनेक विक्रेत्यांचे गाळे, पैसे घ्यायला मॉलचा एकच काउंटर) भाड्याचा गाळा, नाहीतर ऑनलाइन. बहुतेक जण दोन्हीकडचे विक्रीचे भाव बघतात, ऑनलाइनचा आकडा मोठा दिसतो आणि निर्णय होऊन जातो. पण बघायला हवं ते हे, की वस्तूने किती महिने किती जागा अडवली आणि तिच्यामागे आपली किती मिनिटं गेली.

काचेचा एक जड मिक्सिंग बाऊल घेऊ. आकडे कुठल्याही चलनात धरा. खरेदी १००. गाळ्याचं भाडं महिना ३,०००, जागा ६० चौरस फूट, म्हणजे फुटाला ५०. चार चौरस फुटांचं पाच कप्प्यांचं रॅक महिन्याला २०० खातं आणि अर्धा कप्पा अडवणारा बाऊल २०. (ये-जा करायची मोकळी जागा वजा केली, की हा दर आणखी चढतो.) टॅगवर ४००, घासाघिशीत १० टक्के गेले, ३६०. मॉलचं कमिशन १० टक्के, हातात ३२४. तीन महिन्यांत उठाव झाला तर भाडं आणि खरेदी वजा जाता १६४ उरतात, सहा महिने पडून राहिला तर १०४. धुणं, टॅग, मांडणी मिळून दहा मिनिटं.

तोच बाऊल ऑनलाइन ५०० ला गेला. फी १५ टक्के धरली तर ४२५. खोका आणि बबल रॅपचे ४०, खरेदीचे १००, उरले २८५. दहातला एक वाटेत फुटला आणि पैसे परत द्यावे लागले, की सरासरी २४२ वर येते. कुरिअर खर्च बुडाला तर त्याहून कमी. शिवाय आठ-दहा फोटो, मापं, वर्णन, चौकशांना उत्तरं आणि दुहेरी खोक्यातलं पॅकिंग यात पाऊण तास सहज जातो. मिनिटामागे किती उरले ते बघता इथे आम्ही गाळ्याच्या बाजूने. जड, ठिसूळ आणि हातात घेऊन बघावीशी वाटणारी वस्तू ऑनलाइन टाकू नये.

छोट्या, हलक्या, तळाशी बनावटीची खूण असलेल्या वस्तूंचं गणित उलटं. ब्रोच, चमचे, छोट्या मूर्ती यांचा नेमका शोध घेणारा गिऱ्हाईक गाळ्यासमोरून कधी जाईल सांगता येत नाही. ऑनलाइन तो खुणेवरूनच शोधतो. म्हणून वस्तू आधी पालथी करून तळ बघा. ‘ऑक्युपाइड जपान’ ही खूण दुसऱ्या महायुद्धानंतर १९५२ पर्यंतच्या, दोस्त राष्ट्रांच्या ताब्याच्या काळातली, ‘वेस्ट जर्मनी’ १९९० च्या आधीची. चमच्यावर ९२५ किंवा ‘स्टर्लिंग’ असेल तर चांदी, ‘ईपीएनएस’ असेल तर चांदीचा निव्वळ मुलामा. हा फरक चुकला, की भावही चुकला. शिवाय गाळ्यात अशा वस्तूंना कुलपाचं कपाट लागतं, आणि त्याचं भाडं बऱ्याचदा वेगळं असतं.

कपडे मधे कुठेतरी. जुन्या लेबलवरचा साइज आजच्या साइजशी जुळत नाही. ऑनलाइन छाती-कंबर सपाट मोजून लिहिली नाही, तर माल परत येणार. मॉलमध्ये ट्रायल रूम असेल तर गाळा बरा. फर्निचर ऑनलाइन दूर पाठवायच्या फंदात पडूच नका. खुर्चीने सहा चौरस फूट अडवले तर महिन्याला ३०० गेले, म्हणून तिच्यावर आणि खाली विकाऊ माल मांडा.

भाव ठरवताना ऑनलाइन मागितलेले भाव बघू नका, विकले गेलेले बघा, आणि तेही त्याच रंगाच्या, त्याच अवस्थेतल्या वस्तूचे. पायरेक्स या काचेच्या भांड्यांच्या ब्रँडच्या रंगीत बाऊलची चकाकी डिशवॉशरने मेली असेल, तर चकचकीत नगाचा भाव त्याला लागू होत नाही. काठावरून बोट फिरवा. डोळ्यांना न दिसणारा टवका बोटाला लागतो. गाळ्यासाठी त्या विकलेल्या भावाच्या २० ते ३० टक्के खाली थांबा आणि खरेदी टॅगच्या चौथ्या हिश्शाच्या वर जाऊ देऊ नका. वरच्या हिशोबात १०० ला ४०० त्यामुळेच.

टॅगचं काम किरकोळ वाटतं, पण नुकसान तिथेच होतं. चिकटपट्टी सोनेरी काठावर किंवा छापील नक्षीवर लावली, की काढताना नक्षी सोबत घेऊन येते. दोऱ्याचा टॅग बांधा, किंवा स्टिकर तळाशी लावा. टॅगवर नुसतं ‘वाटी’ लिहू नका, ‘निळी वाटी, पांढरी फुलं, १ नग’ लिहा. नाहीतर स्वस्त वस्तूचा टॅग महागावर चढतो आणि काउंटरवर कुणाला कळत नाही. कोपऱ्यात महिना-वर्ष टाका. ६० दिवसांनी २० टक्के उतरवा, ९० व्या दिवशी गाळ्यातून काढा. पाठवायला हलकी असेल तर ऑनलाइन, नाहीतर खरेदीच्या भावात.

गाळा घ्यायचाच असेल तर सही करण्याआधी विचारा: किमान किती महिने, कमिशन किती, काउंटरवरचा माणूस तुम्हाला न विचारता किती टक्के सोडतो, फुटलेल्या आणि चोरीला गेलेल्या मालाचं काय, महिन्यातून किती दिवस तुमची काउंटरवर ड्यूटी. ड्यूटी असेल तर ते तासही वरच्या १६४ मधून वजा करा.