खेकड्याच्या पिंजऱ्यात भोकाची डबी : सात महिन्यांचा अनुभव

भोगावतीच्या काठाला माझे बारा पिंजरे असतात. तिन्हीसांजेला टाकायचे, पहाटे काढायचे, खेकडे कोल्हापुरात खानावळींना द्यायचे. आमिष म्हणून कोंबडीची आतडी नुसती आत बांधत होतो. गेल्या दिवाळीपासून मासळी बाजारात टाकून दिलेली माशांची डोकी आणतो, मीठ लावून ठेवतो आणि झाकणाच्या प्लॅस्टिक डबीतून लावतो. डबीला तापल्या खिळ्यानं भोकं पाडलीत.

खरा गुण डबीचा. उघड्या आतड्यावर पहिला दांडगा खेकडाच ताव मारायचा, वर दुसऱ्याला जवळ येऊ द्यायचा नाही. मध्यरात्रीलाच आमिष साफ. आता डबीतलं त्याला खाता येत नाही, वास मात्र पहाटेपर्यंत झिरपतो. खेकडा वासावर येतो आणि वास जातो पाण्याबरोबर. म्हणून पिंजऱ्याचं तोंड प्रवाहाच्या खालच्या अंगाला ठेवतो. वासाचा माग काढत प्रवाहावर चढणारा खेकडा थेट तोंडाशी येतो. इतकी वर्षं तोंड कुठंही करून टाकत होतो, त्याची हळहळ वाटते.

तेच डोकं दुसऱ्या रात्री लावून बघितलं. वास उतरलेला, पिंजरे जवळजवळ रिकामे. आता उरलेलं खतात टाकतो, नदीत नाही. भोकं चरबीनं बुजतात, रोज गरम पाण्यानं घासावी लागतात. मधे एका दुकानातून तयार गोळ्या आणल्या होत्या. तासाभरात विरघळल्या, पुन्हा घेणार नाही.

पण आमिष चांगलं झालं की पिल्लंही येतात, पोटुशा माद्याही येतात. गोड्या पाण्यातल्या खेकड्याच्या अंड्यातून थेट इवलासा खेकडाच निघतो आणि काही दिवस आईच्या पोटाखालीच राहतो. अशी एक मादी नेली तर सगळं बिऱ्हाडच गेलं. त्या मी तिथंच सोडतो. बारक्यांना निसटायला पिंजऱ्याच्या तळाशी फट ठेवलीय. दाराला नायलॉनऐवजी सुती दोरी आहे, म्हणजे पिंजरा पुरात हरवला तरी दोरी कुजून दार उघडेल. वरचा भाग पाण्याबाहेर राहील असाच लावतो, नाहीतर चुकून शिरलेलं कासव श्वासाविना मरतं.

मृग लागला, पिंजरे माळ्यावर गेले. येत्या दिवाळीला सहा डब्यांना बारीक आणि सहांना मोठी भोकं पाडून बघणार आहे.