मांजराचा ट्रे कुठं ठेवावा: न्हाणी, परडं, गॅलरी की जिन्याखाली?

मांजर आणायचं ठरलं की दुधाची वाटी कुठली, झोपायला गोणपाट कुठलं, याची चर्चा घरभर होते. त्याच्या शी-शूच्या ट्रेचा विषय निघतो तो पिल्लानं तांदळाच्या पोत्यामागं कार्यक्रम उरकल्यावर. आमच्या भुरीनं बेळगावात शहापुरातल्या जुन्या घरात आणि नंतर टिळकवाडीतल्या फ्लॅटमध्ये मिळून चार जागा बघितल्या. त्यातल्या तीन आमच्या चुकीच्या निघाल्या.

"मांजर परड्यात जातंय की, त्याला घरात कसला गं संडास!" असं आमची आजी म्हणायची. उन्हाळ्यात तिचं खरं होतं. पण बेळगावचा पाऊस जूनमध्ये धरला की परड्यातली माती चिखल होते, आणि मांजराला तर उकरायला कोरडी, भुसभुशीत जागा लागते. मग ते बंबाची राख शोधतं, नाहीतर कुंडी. तेव्हा परडं असलं तरी चार महिने आत सोय हवीच. बारमाही परड्यावर सोडायचं असेल तर गल्लीतली कुत्री आणि भटके बोकेही हिशेबात धरा. मांजर बसलेलं असताना त्याचा जीव अर्धा मागं असतो. एकदा तिथं कुणी अंगावर आलं की ते परत त्या जागी बसायला धजत नाही.

न्हाणी सगळ्यांना पहिली सुचते, आम्हालाही सुचली. धुवायला पाणी, खाली फरशी, वास आला तर झरोका. पण आपली न्हाणी म्हणजे बादली आणि तांब्या. चार माणसं आंघोळ करून गेली की ट्रेच्या कडेपर्यंत शिंतोडे. ट्रेमध्ये भरायचं लिटर, म्हणजे ओल शोषणारे दाणे, बाजारातलं गोळे धरणारं असेल तर बहुतेक बेंटोनाइट मातीचं असतं. ओलं झालं की ते फुगून घट्ट बसतं. आमच्या ट्रेचा तळ एका रविवारी उलथण्यानं खरवडावा लागला होता. वर भुरीच्या पायांचे राखाडी ठसे माजघरापर्यंत. आत कुणी असलं की कडी लागते ते वेगळंच, आणि मांजर थांबत नाही. हे लिटर मोरीत किंवा संडासात ओतायचा मोह तर अजिबात नको, पाइप तुंबतो. फ्लॅटमध्ये आंघोळीची बाजू आणि कोरडी बाजू वेगळी असेल, दार सतत उघडं राहत असेल, तर न्हाणी चालेल. नसेल तर सोडून द्या.

गॅलरी फ्लॅटवाल्यांची लाडकी. वास बाहेरच्या बाहेर जातो, पाहुण्यांना दिसत नाही. पण तिरका पाऊस आत येतो, दमट हवेत लिटर लवकर चिकट होतं, आणि बहुतेक घरांत वॉशिंग मशीन तिथंच असतं. मशीननं शेवटची गिरकी घेतली की ट्रेमधलं मांजर उडालंच. गॅलरीला जाळी आणि काचा असतील, मशीन दुसरीकडं असेल, तर उन्हाळ्यापुरती ती न्हाणीपेक्षा बरी.

आवाजाचं एवढं काय, असं वाटत असेल तर वडगावातल्या माझ्या मैत्रिणीकडचं ऐका. तिनं ट्रे यंत्रमागाच्या खोलीच्या कोपऱ्यात ठेवला. लाइट गेली होती, खोली शांत, मांजर आपणहून जाऊन बसलं. तेवढ्यात लाइट आली आणि सगळे माग एकदम खटाखट सुरू झाले. मांजर अर्ध्यातून पळालं ते तिथं परत गेलंच नाही. दुसऱ्या दिवसापासून गादीवर. घरच्यांना वाटलं खोडी काढतंय. त्यानं घाबरणं आणि ट्रे यांची गाठ मारली होती, एवढंच.

स्वयंपाकघर नकोच. आपल्यासाठी नको आणि त्याच्यासाठीही, कारण दाणापाणी जिथं असतं त्याच्या शेजारी मांजर सहसा बसत नाही. माडीवर ठेवायचा तर म्हाताऱ्या मांजराला जिना झेपत नाही, पिल्लाला तेवढा धीर नसतो. दोन मजले असतील तर दोन ट्रे. तसाही नियम मांजरांपेक्षा एक ट्रे जास्त, असाच आहे.

माझं मत जिन्याखालच्या जागेला. कोरडी, बिनदाराची, घरातल्या वावराच्या जवळ पण कुणाच्या पायात नाही. फक्त ट्रे पार आतल्या बोळात ढकलू नका. बसल्या जागेवरून येणारं माणूस दिसायला हवं आणि निसटायला दोन बाजू मोकळ्या हव्यात. ट्रे मांजराच्या लांबीच्या दीडपट, लिटरचा थर पाच ते सात सेंटिमीटर. या जागेचा तोटा एकच, सोप्यात बसलेल्या पाहुण्याला सगळं दिसतं. पण त्यामुळंच आमच्याकडं ट्रे रोज साफ व्हायला लागला, गॅलरीत असताना दोन-दोन दिवस राहायचा. रोजची सफाई वासापुरती नाही. मांजराला टॉक्सोप्लाझ्मा या परजीवी जंतूची लागण असेल तर त्याच्या विष्ठेतले जंतू माणसाला बाधण्याइतके तयार व्हायला एक ते पाच दिवस घेतात. ती त्याआधी उचललेली बरी. घरात कुणी गरोदर असेल तर हे काम दुसऱ्यानं करावं. जागा पुसायला फिनेल वापरू नका, मांजराला ते विषारी आहे.

जागा बदलायची तर एका दिवसात उचलून नेऊ नका. आम्ही न्हाणीच्या दारापासून जिन्यापर्यंत रोज हातभर सरकवत नेला, मध्ये तीन दिवस तो ऐन वाटेत होता आणि आजी काठीनं ढोसून बघायची. फ्लॅटमध्ये जिना नाही, तिथं आतल्या खोलीच्या दारामागची मोकळी भिंत घेतली.

एक मात्र जागेशी जोडू नका. बोका ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा बसतोय, कण्हतोय आणि लघवी होत नाहीये, असं दिसलं तर ट्रे सरकवत बसू नका. त्याच दिवशी जनावरांच्या डॉक्टरकडं न्या, मूत्रमार्ग तुंबला असेल तर एक-दोन दिवसांतही जीव जातो.