डोक्याएवढ्या लाटांसाठी आधी कुठे जावं: अरुगम बे की बाली?

छातीएवढ्या लाटेवर आरामात उभं राहता येतं, न फुटलेली लाट आपली आपण पकडता येते आणि आता डोक्याएवढ्या किंवा त्याहून जराशा मोठ्या लाटांवर जायचं आहे. गोव्यात किंवा कर्नाटकातल्या मुळकीला सर्फिंग शिकलेले आपल्याकडचे बरेच जण याच टप्प्यावर येऊन थांबतात. जून ते सप्टेंबर आपला समुद्र खवळलेला असतो, वारा समुद्राकडून किनाऱ्यावर येतो आणि लाटांना आकारच राहत नाही. नेमक्या याच महिन्यांत अरुगम बे जिथे आहे तो श्रीलंकेचा पूर्व किनारा आणि बालीचा पश्चिम किनारा ऐन भरात असतात. रजा एकच असेल, तर दोन्हींतून एक निवडावं लागतं.

दोन्हीकडच्या लाटांचं मूळ एकच आहे. खाली दक्षिण हिंदी महासागरात वादळं उठतात आणि त्यांच्या लाटा हजारो किलोमीटर वर येतात. बाली त्यांच्या थेट तोंडावर आहे. श्रीलंकेच्या पूर्व किनाऱ्याला मात्र त्या वळसा घालून पोचतात आणि वळताना त्यांचा बराच जोर ओसरतो. म्हणून एकाच आठवड्यात बालीतल्या उलुवाटूला लाट डोक्याच्या दीडपट असते, तेव्हा अरुगम बेला ती छाती ते डोक्याएवढी असू शकते. अंदाज बघताना नुसती उंची बघू नका, दोन लाटांमधलं सेकंदांचं अंतरही बघा. लाटेची ताकद उंचीच्या वर्गाच्या आणि या सेकंदांच्या प्रमाणात वाढते. म्हणजे उंची दुप्पट झाली की ताकद चौपट होते. आणि दीड मीटरची लाट आठ सेकंदांऐवजी पंधरा सेकंदांची असली, तर तीच उंची जवळपास दुप्पट जोराने अंगावर येते.

माझं मत आधीच सांगते: पहिल्या खेपेला अरुगम बे. याला कारण लाटेची उंची नाही. जागा निवडताना मी दोनच प्रश्न विचारते. पडल्यावर खाली काय आहे, आणि पडल्यानंतर बाहेर कसं यायचं?

अरुगम बेला या दोन्ही प्रश्नांच्या उत्तरांची चढती पायरी मिळते. मुख्य गावापासून टुकटुकने उत्तरेला गेलं की व्हिस्की पॉइंट लागतो. तिथे खाली बहुतेक वाळू आहे आणि लाट मऊ. दक्षिणेला पीनट फार्म आहे. या दोन ठिकाणी हात बसला की मग मेन पॉइंट. ही उजवीकडे फुटणारी लांबलचक लाट आहे. टोकाला खडक आणि पुढे आत वाळू. लाट फुटते त्याच्या शेजारी खोल पाण्याची पट्टी असते. त्या पट्टीतून वल्हवत बाहेर गेलं, तर फुटणाऱ्या लाटा डोक्यावर घ्याव्या लागत नाहीत. मोठ्या लाटांच्या पहिल्या दिवसांत माणूस थकतो तो लाटेवर नाही, तर लाटांपर्यंत पोचताना. त्यामुळे ही पट्टी मला सगळ्यांत मोलाची वाटते. सकाळी वारा पडलेला असतो, दुपारी तो उठतो. पहाटे पाण्यात उतरायचं आणि दहाच्या आत बाहेर यायचं, हेच तिथलं वेळापत्रक. जुलै-ऑगस्टमध्ये मेन पॉइंटला गर्दी फार असते आणि नवखा माणूस तिथे नुसताच बसून राहतो. मे किंवा सप्टेंबर जमत असेल तर तेव्हाच जा. आणखी एक: किनाऱ्यालगतच्या खाऱ्या तळ्यांत मगरी आहेत. वाळूचे पाय धुवायलासुद्धा त्या पाण्यात उतरू नका.

बालीत मधल्या पायऱ्या आहेत, पण विखुरलेल्या. कुटाला खाली वाळू, म्हणून ते सोपं असं आपण धरून चालतो. लाट कमरेएवढी असेपर्यंत ते खरंही आहे. डोक्याएवढी झाली की तिथली लाट पुष्कळदा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकदम कोसळते. बाजूला निसटायला जागा नाही आणि बाहेर जायला पट्टीही नाही. अशा दिवशी कुटाच्या वाळूपेक्षा मेन पॉइंटचा खडक बरा, असं मी जबाबदारीने म्हणते.

उलुवाटूचं आकर्षण मला समजतं. कड्यावरून दिसणारी ती डावी लाट मनात भरतेच. पण तिथे पाण्यात उतरायचं ते गुहेतून, आणि परत यायचं तेही गुहेतूनच. प्रवाह सतत एका बाजूला ओढत असतो, त्यामुळे परतताना प्रवाह जिकडून येतो त्या बाजूला, गुहेच्या बरंच अलीकडे नेम धरून वल्हवावं लागतं. नेम चुकला, की दमलेल्या हातांनी पुन्हा बाहेर जाऊन पूर्ण फेरा मारायचा. त्यात भरती-ओहोटी आली. मुंबईच्या साडेचार मीटरच्या उधाणाला सरावलेल्या आपल्याला बालीची दोन-अडीच मीटरची भरती किरकोळ वाटेल. पण रीफवर, म्हणजे पाण्याखालच्या प्रवाळाच्या खडकावर, हाच फरक म्हणजे गळ्याएवढं पाणी की गुडघ्याएवढं, एवढा असतो. अरुगम बेला भरती-ओहोटीत मीटरभराचाही फरक पडत नाही, त्यामुळे ती एक काळजी कमी.

तरीही बाली कुणी निवडावी? ज्यांचा उजवा पाय पुढे असतो त्यांनी. अरुगम बेच्या जवळजवळ सगळ्या लाटा उजवीकडे जातात, म्हणजे अशा सर्फरला त्या लाटेकडे पाठ करून घ्याव्या लागतात. मोठी लाट पहिल्यांदा घेताना ती डोळ्यांसमोर असलेली बरी. बालीच्या पश्चिमेला मेडेवीला गोल गोट्यांवरून फुटणारी लांब, संथ डावी लाट आहे. मुक्काम तिथेच टाका आणि बुकितच्या, म्हणजे उलुवाटूकडच्या, कड्याखालच्या लाटा पुढच्या वर्षासाठी ठेवा. डावा पाय पुढे असेल तर अरुगम बेबद्दल शंका नको.

परदेशी जायचं नसेल तर मे ते सप्टेंबर तमिळनाडूत कोवलम आणि महाबलीपुरमला त्याच दक्षिणेच्या लाटांचा अंश येतो आणि सकाळचा वारा जमिनीकडून असतो. तिथे डोक्याएवढे दिवस मोजकेच मिळतील, पण पाण्यात काढलेले तास वाया जात नाहीत.

तयारी मात्र दोन्हीकडे सारखीच, आणि ती घरी दोन-तीन महिने आधी सुरू व्हायला हवी. डोक्याएवढ्या लाटेखाली माणूस साधारण पाच ते दहा सेकंद राहतो. इतका वेळ श्वास कुणीही रोखू शकतो. पण छाती धडधडत असताना आणि आधीच दम लागलेला असताना तो रोखता आला पाहिजे. म्हणून पलंगावर पडून मिनिटं मोजण्यापेक्षा तलावात पंचवीस मीटर जोरात पोहून लगेच काही सेकंद पाण्याखाली राहण्याचा सराव जास्त कामाचा. हा सराव एकट्याने कधीही करू नका, आणि त्याआधी भराभर खोल श्वासही घेऊ नका. त्याने श्वासाची ओढ उशिरा लागते आणि माणूस पाण्यातच बेशुद्ध होतो. जे मोरिआरिटी हा सर्फर १९९४ मध्ये, सोळाव्या वर्षी, कॅलिफोर्नियातल्या मॅव्हरिक्सच्या प्रचंड लाटेवरून पडूनही वाचला. तोच २००१ मध्ये मालदीवमध्ये श्वास रोखून एकटाच पाण्याखाली गेला आणि बुडाला. तेविसाव्या वाढदिवसाला एक दिवस उरला होता.

पडायचं कसं हेही घरूनच डोक्यात पक्कं करून जा. डोकं खाली करून सूर मारायचा नाही. पाठीवर किंवा कुशीवर, जमेल तितकं सपाट पडायचं. पाण्याखाली दोन्ही हातांनी डोकं झाकायचं, आणि वर येताना एक हात पुढे ठेवायचा, कारण बोर्ड नेमका डोक्यावर तरंगत असतो.

बोर्डबद्दल थोडक्यात: ज्या आठ फुटी फोम बोर्डवर शिकलात तो नेऊ नका, तो फुटत्या लाटेखाली दाबता येत नाही. पण एकदम छोटा बोर्डही घेऊ नका. तिथेच भाड्याने सात फुटांच्या आसपासचा, भरपूर तरंगणारा बोर्ड घ्या. लीश, म्हणजे पाय बोर्डला बांधणारी दोरी, मात्र स्वतःची, नवी आणि जाड न्या. भाड्याच्या लीशला जिथे चीर असते तिथेच ती तुटते. आणि विमा काढताना सर्फिंग त्यात धरलं आहे का, हे लेखी विचारून घ्या. बालीत डेनपासारला मोठी रुग्णालयं आहेत. अरुगम बेजवळ पोट्टुविलला सरकारी रुग्णालय आहे, पण मोठ्या उपचारांसाठी तिथून दूर जावं लागतं, आणि विमा नसेल तर तो खर्च आपल्याच खिशातून होतो.