२०२५ चे माझे आवडते गेम्स, हाईप उतरल्यावर लिहिलेले

डिसेंबरात सगळे आपापली यादी टाकत होते तेव्हा मी मुद्दाम गप्प बसलो, कारण गेम संपवल्यावर आठवडाभर तो मास्टरपीसच वाटतो, मग हळूहळू खरं काय ते कळतं. आता वर्ष उलटून बरेच महिने झालेत, लॅपटॉपवरची जागा संपत आली म्हणून अर्धे गेम्स उडवावे लागले, आणि कुठला उडवताना जिवावर आलं आणि कुठला बिनदिक्कत गेला यावरूनच माझी यादी आपोआप लागली.

आधी माझी परिस्थिती सांगतो, म्हणजे त्या हिशोबाने वाचा. राहतो ठाण्यात घोडबंदर रोडला, ऑफिस ऐरोलीला. नकाशावर अंतर काहीच नाही पण संध्याकाळी कापूरबावडीपासून पुढे जे काय होतं ते इथल्या लोकांना सांगायला नको. घरी येऊन, जेवून, मुलगी झोपेपर्यंत साडेदहा वाजतात, मग कंट्रोलर हातात, तो पण तासभर, फार तर दीड, आणि त्यातही मधेच उठायला लागणारच. त्यामुळे ग्राफिक्स वगैरे नंतर, मी पहिलं हे बघतो की मधेच सोडून उठलो तर गेम माझ्याशी कसा वागतो. लॅपटॉप जुना आहे, ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ३०६० सहा जीबीवालं, त्यामुळे सगळं मिडियम सेटिंगवर, पंख्याचा आवाज हेडफोन लावून विसरायचा.

सुरुवात सिल्कसाँगपासून, म्हणजे होलो नाइट या गाजलेल्या गेमच्या पुढच्या भागापासून, करतो कारण त्याबद्दल माझं मत सगळ्यात जास्त वेळा बदललं. २०१९ च्या फेब्रुवारीत घोषणा झालेला गेम, नव्या गेम्सच्या घोषणांच्या दर शोकेसला लोक वाट बघायचे आणि दर वेळी काही नाही, आणि शेवटी आला तो ४ सप्टेंबरला, आपल्याकडे संध्याकाळी साडेसातला, म्हणजे ऐन गणपतीत, अनंत चतुर्दशीला दोन दिवस असताना. बाहेर बँजो चालू आणि मी आत स्टीमचं, म्हणजे गेम्सच्या ऑनलाइन दुकानाचं, पान रिफ्रेश करतोय. स्टीम बसलंच, निन्टेन्डोचं दुकान पण बसलं, पहिल्याच दिवशी एका वेळी पाच लाखांच्या वर लोक खेळत होते. एवढी माणसं त्या ऑस्ट्रेलियातल्या टीम चेरीच्या, हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या लोकांनी बनवलेल्या, २० डॉलरच्या गेमसाठी. स्वतःचं मार्केटिंग करायला कोट्यवधी उधळणाऱ्या कंपन्यांनी जरा बघावं हे.

गेम सुंदर आहे यात वादच नाही. हॉर्नेटची, म्हणजे आपण जिला खेळवतो तिची चाल, ती तिरकी खाली मारायची पद्धत (सुरुवातीला जाम चिडचिड होते, पुढे वेगळा क्रेस्ट, म्हणजे लढायची वेगळी तऱ्हा, मिळाला की हात मोकळा होतो), गेममधल्या फारलूम राज्यातली ती घंटांची गावं, ख्रिस्तोफर लार्किनचं संगीत, सगळं वरच्या दर्जाचं. पण तासभर वेळ असलेल्या माणसाला हा गेम दयामाया दाखवत नाही. बरेच शत्रू एका फटक्यात सरळ दोन मास्क (जीव किती उरला ते मास्कवर मोजतात) उडवतात, म्हणजे सुरुवातीच्या पाच मास्कमध्ये तीन फटके आणि खेळ खलास. खेळ सेव्ह होतो त्या बाकड्यावर बसायलासुद्धा काही ठिकाणी पैसे, पैसे म्हणजे जपमाळेचे मणी, आणि मेलात की ते मणी तिथेच पडतात, परत घ्यायला जाताना पुन्हा मेलात तर गेले कायमचे. मधेच गेम बंद केला तर परत शेवटच्या बाकड्यापासून. लास्ट जज नावाचा जो बॉस, म्हणजे मोठा शत्रू, आहे त्याच्यापर्यंत पोचायचा रस्ता हीच वेगळी शिक्षा आहे, उडणारे किडे, टोचणाऱ्या कडा, आणि एवढं करून पोचलो की आतून मुलीची हाक, पाणी. लोक म्हणतात बॉस अवघड आहेत, मला बॉसचं काहीच वाटलं नाही, बॉस शिकता येतो, तो रस्ता रोज रात्री नव्याने चालायचा हे अंगावर येतं. पहिल्या काही दिवसांत त्यांनी अपडेट देऊन सुरुवातीचे एकदोन बॉस जरा सोपे केले, पण स्वभाव तोच राहिला.

तरी उडवला नाही. महिनाभर हात लावला नव्हता, मग दिवाळीच्या सुट्टीत सकाळी सगळे झोपलेले असताना सलग तीन तास मिळाले आणि तेव्हा कळलं की हा गेम सकाळचा आहे, रात्रीचा नाहीच. सलग वेळ मिळाला की तोच रस्ता पाठ होतो, बोटं आपोआप चालतात. ज्यांच्याकडे वीकेंड मोकळा आहे त्यांनी डोळे झाकून घ्या. बाळ लहान असेल तर थांबा, गेम कुठे पळून जात नाही.

आता एक्स्पिडिशन ३३. हा माझा वर्षाचा गेम, आणि डिसेंबरात गेम अवॉर्ड्समध्ये नऊ पुरस्कार घेऊन गेला तेव्हा मला स्वतः काहीतरी जिंकल्यासारखं वाटलं, येडेपणा आहे पण वाटलं. फ्रान्समधल्या माँपेलिए गावातला सँडफॉल नावाचा नवीन स्टुडिओ, हा त्यांचा पहिलाच गेम, प्रमुख माणूस आधी युबिसॉफ्टमध्ये होता, आणि संगीतकार त्याला साउंडक्लाउडवर सापडला. लोरियाँ तेस्तार. ते संगीत मी अजून ट्रान्स-हार्बर लोकलमध्ये कानात लावून बसतो.

गोष्ट अशी की एका शहरातून लांब समुद्रापलीकडे एक प्रचंड दगड दिसतो, त्यावर एक बाई दरवर्षी एक आकडा लिहिते, दरवर्षी एकने कमी, आणि त्या वयाची माणसं त्या दिवशी विरून जातात. आता आकडा ३३ वर आलाय. ज्यांचं एकच वर्ष उरलंय ते एक तुकडी करून तिला मारायला निघतात, आधीच्या सगळ्या तुकड्या गेल्या त्या परत आल्या नाहीत. मी स्वतः त्या आकड्याच्या पलीकडचा आहे, म्हणजे त्या शहरात असतो तर कधीच विरलो असतो, त्यामुळे पहिला अर्धा तास फुल टेन्शनमध्ये बघितला. पुढची गोष्ट सांगत नाही, पहिल्या अंकाच्या शेवटी जे होतं ते कोणी सांगायला आलं तर कान बंद करा.

लढाई टर्न-बेस्ड, म्हणजे आळीपाळीने, पण समोरचा मारतो तेव्हा टायमिंग साधून चुकवायचं नाहीतर परतवायचं. चुकवणं सोपं, परतवायला डोळे आणि कान दोन्ही लागतात, आणि शत्रू मुद्दाम हात उगारून थांबतात, तुम्ही घाईत बटण दाबलंत की मग मारतात. सगळे वार परतवले की आपला माणूस उलटा जो काही ठेवून देतो, त्या आवाजासाठी मी वाट वाकडी करून फालतू शत्रूंशी पण लढलोय. आणि सगळ्यात मुख्य म्हणजे टर्न-बेस्ड असल्यामुळे माझी पाळी असताना कंट्रोलर ठेवून दार उघडून येता येतं, पार्सल घेता येतं, दूध फ्रीजमध्ये ठेवता येतं, गेम तसाच उभा. माझ्या आयुष्यात बसणारा गेम आहे हा.

खटकलं ते पण सांगतो. आत फिरताना मिनिमॅप, म्हणजे कोपऱ्यातला छोटा नकाशा, नाही, एक दिवस सोडून खेळलो की कुठून आलो तेच कळायचं नाही. जेस्ट्रल नावाची ती लाकडी पात्रं जाम गोड पण त्यांचे समुद्रकिनाऱ्यावरचे उड्या मारायचे मिनीगेम म्हणजे निव्वळ डोकेदुखी. आणि तिसऱ्या अंकात इकडचंतिकडचं सगळं करत बसलात तर एवढे ताकदवान होता की शेवटचा बॉस बोलायच्या आत झोपतो, माझा झोपला, वाईट वाटलं. ज्यांना शेवट रंगायला हवा त्यांनी आधी मुख्य गोष्ट संपवा, बाकी नंतर.

ब्लू प्रिन्सबद्दल थोडक्यात, कारण जास्त सांगितलं तर मजा जाते. पंचेचाळीस खोल्यांचा वाडा, त्यात सेहेचाळिसावी खोली शोधायची. दार उघडताना तीन खोल्यांमधून एक निवडायची आणि ती तिथे बसते, दुसऱ्या दिवशी सगळं पुसून परत नवीन. टोंडा रॉस नावाच्या माणसाने आठ वर्षं लावली याला, आणि ते दिसतं, भिंतीवरच्या प्रत्येक चित्रात काहीतरी आहे. वही लागतेच. माझ्या वहीवर मुलीने फुलं काढून ठेवलीत, तरी वाचता येतं. पण बरीच कोडी इंग्रजी शब्दांच्या खेळावर आहेत, ज्यांचं इंग्रजी वाचन कमी आहे त्यांना अर्धी गंमत कळणार नाही. आणि मी खेळलो तेव्हा चालू दिवसाच्या मधे सेव्ह करता येत नव्हतं, हे कोडं सोडवायच्या गेममध्ये का करतात मला खरंच कळत नाही. पहिला शेवट बघितला आणि उडवला. वही ठेवलीय.

हेडीस टू बरोबर उलटा. २५ सप्टेंबरला पूर्ण झालेला आला, नवरात्र चालू होती, आणि तेव्हापासून आजपर्यंत लॅपटॉपवर आहे. एक फेरी साधारण अर्धा-पाऊण तास, मधे कुठल्याही खोलीपाशी बंद करा, उद्या तिथूनच. मेलिनोई म्हणजे ग्रीक पुराणातल्या पाताळाच्या देवाची, हेडीसची मुलगी, ती काळाच्या देवाला मारायला निघते, खाली पाताळात जायचा रस्ता वेगळा आणि वर देवांच्या ऑलिंपस डोंगरावर जायचा वेगळा, म्हणजे एका गेमच्या पैशात जवळपास दोन. स्किला आणि तिच्या बँडशी लढाई आहे त्यात ती गात गात मारते, पहिल्यांदा मी लढायचं विसरून ऐकतच बसलो. बिया पेरा, मासे पकडा, खाणीत खणा हे जरा अति झालंय, दिवसभर ऑफिसात काम करून रात्री परत सामान कोण गोळा करणार. शेवट पण घाईत गुंडाळल्यासारखा वाटला होता, नंतर अपडेटमध्ये त्यांनी भर घातली, आता ठीक आहे, पहिल्या भागाएवढा लागत नाही.

आणि पीक! यादीतला सगळ्यात स्वस्त, अमेरिकेत ८ डॉलर, आणि सगळ्यात जास्त हसवलं यानेच. चौघांनी मिळून डोंगर चढायचा, बास. डोंगर रोज बदलतो. दमाची एक पट्टी असते, भूक लागली, लागलं, थंडी वाजली, पाठीवर ओझं जास्त झालं की ती पट्टी आखडत जाते. आवाज अंतराप्रमाणे येतो, त्यामुळे मित्र कड्यावरून पडला की त्याची शिवी लांब लांब जात बारीक होत जाते, हे ऐकल्याशिवाय कळणार नाही. आमचा ऑफिसचा चौघांचा ग्रुप आहे, पावसाळ्यात खरोखर ट्रेकला जाणारा, आणि गंमत म्हणजे खऱ्या ट्रेकचे सगळे स्वभाव गेममध्ये तसेच उतरले. जो हरिश्चंद्रगडावर नळीच्या वाटेने जाताना सगळ्यांचं खाणं आधी संपवतो तोच इथे पण सगळ्यांचं खाणं संपवतो. जो पुढे पळतो तो पुढेच पळतो आणि मग वरून हात द्यायला कोणी नाही. मागे रेंगाळलात तर खालून धुकं वर येतं. खूप भूक लागली की शेजारचा मित्र कोंबडी दिसायला लागतो आणि त्याला खाता येतं, यावरून आमच्याकडे डब्याच्या टेबलावर अजून भांडण आहे. अनोळखी लोकांबरोबर मात्र खेळू नका, पार फिका लागतो.

स्प्लिट फिक्शन मी आणि नेरुळच्या ताईने मिळून संपवला, तिच्या हातात कॉलेजनंतर पहिल्यांदाच कंट्रोलर. एकाने विकत घ्यायचा, दुसऱ्याला फ्रेंड्स पासवर फुकट, त्यामुळे घरबसल्या दोघांचा झाला. गोष्ट यथातथाच, पण दर वीस मिनिटांनी खेळायची तऱ्हाच बदलते. एका ठिकाणी आपण दोन डुकरं असतो आणि त्याचा शेवट सॉसेजमध्ये होतो, ताई तिथे एवढी हसली की भावजी उठून बाहेर आले. तिचा स्वभाव गेममध्ये पण मोठ्या बहिणीचा, तू थांब, मी सांगते तेव्हा उडी मार. मारली की आधी तीच पडायची.

बाय द वे, ऑगस्टमध्ये पैशांच्या ऑनलाइन गेम्सवर बंदीचा कायदा आला तेव्हा आमच्या मामांनी फोन करून विचारलेलं, सुटलास ना रे त्यातून? त्यांच्या लेखी रमी आणि हॉर्नेट एकच. समजावलं. मामा म्हणाले, मग यात पैसे मिळत नाहीत तर रात्रभर कशाला जागतोस.

राहिला तो किंगडम कम टू, फेब्रुवारी २०२५ चा, आणि माझा अजून संपलेला नाही. १४०३ सालचा बोहेमिया, म्हणजे आताच्या चेकियातला भाग, लोहाराचा पोरगा हेन्री, शंभर जीबीच्या आसपास जागा खातो म्हणूनच बाकीचे उडवावे लागले. पाहिजे तेव्हा सेव्ह करायला यात एक दारू प्यावी लागते, नाहीतर स्वतःच्या पलंगावर झोपायचं, नाहीतर सेव्ह करून सरळ बाहेर पडायचं. माझ्यासारख्याला तिसरा पर्याय पुरतो, त्यामुळे माझं सगळं खेळणं त्यावरच चाललंय. तलवारीची लढाई अजून नीट जमत नाही, पण नुसतं घोड्यावरून गावोगाव फिरायलाच मजा येतेय, एका रात्री तर फक्त कपडे धुतले आणि लोहाराकडे तलवारीला धार लावली. आत्ताच कुट्टेनबर्ग शहरात पोचलोय. पुढचं कोणाला माहीत असेल तर सांगू नका.