पाढ्यांसाठी कोणता डाव: बदाम सात की भिकार-सावकार?

चौथीच्या वर्गात पाढ्यांसाठी पत्ते आणायचे म्हटलं की पहिला प्रश्न, डाव कोणता? रमी सोडून द्या, ३५ मिनिटांचा तास नियम सांगण्यातच जातो. बदाम सात आणि भिकार-सावकार मात्र नागपूरची बरीच मुलं उन्हाळ्याच्या दुपारी घरीच शिकून आलेली असतात. दोन्हींसाठी गुलाम, राणी, राजे काढा, ४० पत्ते उरतात.

बदाम सातमध्ये प्रत्येक रंगाला एक पाढा द्यायचा. बदामाला सातचा, इस्पिकला आठचा, चौकटला सहाचा, किलवरला नऊचा. बदाम अठ्ठी लावणाऱ्याने 'सात आठी छप्पन्न' म्हणायचं. पुढे नव्वीच लागणार, म्हणजे छप्पन्नात सात मिळवले की झालं. पाढा न येणारं मूलही डावात टिकतं, हे मला फार मोलाचं वाटतं. एरवी पाढ्यांच्या तासाला गप्प बसणारी माझ्या वर्गातली एक मुलगी टेबलाखाली बोटं मोजत होती. 'त्रेसष्ट' म्हणाली आणि पत्ता जोरात आपटला. पण उत्तर शेजारच्या पत्त्यावरून मिळतं, त्यामुळे मधलाच गुणाकार विचारला की हीच मुलं अडतात.

भिकार-सावकारमध्ये ती सोय नाही. पंजीवर काय पडेल, कोणालाच ठाऊक नसतं. सारखा पत्ता पडला की ढीग उचलायचा, हा नियम तसाच ठेवा. फक्त पत्ता टाकताना खालच्या पत्त्याशी गुणाकार बोलायचा, चुकला तर ढीग समोरच्याचा. त्यामुळे समोरचाही मनात गुणत असतो. 'थांब ना बे, मोजू दे!' असं ऐकू आलं तर मोजू द्या. आणि कोणी पूर्ण भिकारी होईपर्यंत खेळवू नका, कच्चं मूलच आधी रिकामं होतं. घंटा झाली की पत्ते मोजा.

४० मुलांना चौघांत एक अशा बदाम सातच्या १० गड्ड्या पुरतात, भिकार-सावकारला जोडीला एक म्हणजे २० लागतात. अर्धी गड्डी देऊन पाहिली, पण सारखे पत्ते क्वचितच पडतात आणि मुलं कंटाळतात.

निम्म्या वर्गाला आठचा पाढा उलटसुलट विचारला आणि तो येत नसेल, तर बदाम सात घ्या. येतो पण वेळ लागतो, तर भिकार-सावकार. मी जूनअखेर शाळा उघडली की पहिला घेते, दिवाळीनंतर दुसरा.

'शाळेत पत्ते?' असं पालक विचारतातच. मी जुन्या लग्नपत्रिका कापून चार रंगांच्या स्केचपेनने आकडे लिहिते. त्या जाड असल्याने पंख्याखाली उडत नाहीत, आणि मार्चमध्ये पंखा बंद ठेवणं आपल्याकडे शक्यच नाही.