पार्किन्सनच्या रुग्णासाठी पाणी दाट करताना: स्टार्चची पावडर की झँथन गमची?

गिळण्याची तपासणी झाली आहे आणि पातळ पदार्थ श्वासनलिकेत जाऊ नयेत म्हणून स्पीच थेरपिस्टने ते दाट करून द्यायला सांगितले आहे, असे येथे गृहीत धरतो. माझ्या वडिलांसाठी मी आधी काही महिने मक्याच्या स्टार्चची पावडर वापरली आणि आता झँथन गमची, म्हणजे पदार्थ दाट करणाऱ्या एका डिंकाची, वापरतो.

स्टार्चची पावडर बरीच स्वस्त पडते आणि दुधात पटकन मिळून येते. झँथन दुधात दाट व्हायला वेळ घेते, नीट ढवळले नाही तर त्याच्या गुठळ्या होतात आणि चहाला थोडा बुळबुळीतपणा येतो, ही वडिलांची तक्रार आजही आहे. मात्र झँथन घातलेले पाणी पाण्यासारखेच स्वच्छ दिसते, पिठूळ लागत नाही.

माझा निर्णय ठरला तो उष्ट्या पेल्यामुळे. वडिलांना एक पेला संपवायला अर्धा तास लागतो आणि तेवढ्या वेळात ओठांवरची लाळ पेल्यात उतरते. स्टार्चचे पाणी नुसते ठेवले तर खळीसारखे घट्ट होत जाई, पण तेच उष्टे झाले की तळाशी पातळ होई, आणि नेमक्या त्या शेवटच्या घोटांना, ते थकलेले असताना, ठसका लागे. माझेच माप चुकते असे मला बरेच दिवस वाटत होते. खरे कारण लाळेतील अमायलेज हे पाचक द्रव्य होते; ते स्टार्चचे विघटन करते, झँथनवर त्याचा परिणाम होत नाही. पार्किन्सनमध्ये ठसका न लागताही द्रव श्वासनलिकेत जाऊ शकतो, त्यामुळे ठसका लागला नाही त्या दिवसांचीही मला नंतर भीती वाटली.

बद्धकोष्ठतेसाठी पॉलिइथिलीन ग्लायकॉलची रेचक पावडर घेणाऱ्यांनी तर स्टार्चबाबत अधिकच जपावे, कारण ती मिसळताच दाट केलेले पाणी पुन्हा पातळ होते. ब्रिटनच्या औषध नियामक संस्थेने २०२१ मध्ये तसा इशारा दिला होता.

रुग्ण लवकर पीत असेल किंवा त्याला स्वच्छ चमच्याने थोडे थोडे वेगळे काढून देता येत असेल, तर स्टार्चवर कदाचित भागेल. पेला स्वतःच्या हातात धरून सावकाश पिणाऱ्यासाठी मात्र, परवडत असेल तर, मी झँथनच घेईन.